दीड हजार तोफांची निविदा

2019च्या सुरुवातीला संरक्षण मंत्रालयात दोन परदेशी कंपन्यांची दरपत्रकं उघडली. मागणी होती 155 मिलिमीटर, 52 कॅलिबरच्या, गाडीमागे ओढून न्यायच्या तोफांची. नग 1,580. फ्रान्सच्या नेक्स्टरची ‘ट्रॅजन’ आणि इस्रायलच्या एल्बिटची ‘अथोस’, दोन्ही तोफा भारतीय लष्कराच्या चाचण्यांमधून पार पडलेल्या. एल्बिटचा दर नेक्स्टरपेक्षा सुमारे 47 कोटी 70 लाख डॉलरनी कमी निघाला. सरकारी खरेदीच्या भाषेत एल्बिट ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराची, ठरली. एल-वन ठरली की बोलणी, बोलणी आटोपली की करार, असा पुढचा रस्ता. त्या रस्त्यावर नंतर कुणी फारसं चाललंच नाही. सहा वर्षांनी, 26 मार्च 2025 रोजी करार झाला तो 307 तोफांचा, आणि ती तोफ होती पुण्यात, पाषाणला आखलेली.

मधल्या काळात काय झालं, हे या प्रकरणात बघायचं आहे. ‘देशी घ्यावं की परदेशी’ हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवर जितक्या झटकन सोडवतो, तितका तो खरेदी करणाऱ्या खात्याला सुटत नाही. इथे तर तो कुणी सोडवलाच नाही, तो परिस्थितीनं सुटत गेला असं माझं मत आहे. आणि देशी-परदेशी या शब्दांआड खरा व्यवहार दडून राहिला.

आधी थोडं तोफेविषयी. 155 मिलिमीटर हा नळीचा आतला व्यास. 52 कॅलिबर म्हणजे नळीची लांबी त्या व्यासाच्या 52 पट, म्हणजे साधारण आठ मीटर. बोफोर्सची नळी 39 कॅलिबरची, सहा मीटरची. नळी लांब, तर दारूच्या वायूला गोळा ढकलायला जास्त वेळ मिळतो आणि गोळा लांब जातो. लांबीबरोबर वजन वाढतं, आणि वजन वाढलं की डोंगरातली वळणं आणि पूल आड येतात. तोफखान्याची निम्मी भांडणं या दोन ओळींत मावतात. नाशिककरांना देवळालीच्या सरावाचे आवाज लहानपणापासून कानावळणी पडलेले असतात, पण तो गोळा कुठल्या निविदेतून आला हे कुणी विचारत नाही.

बोफोर्सची सावली

24 मार्च 1986 रोजी स्वीडनच्या बोफोर्सशी 410 तोफांचा, 1,437 कोटी रुपयांचा करार झाला. तोफेबरोबर तिची ड्रॉइंग आणि भारतात बनवण्याचा हक्कही त्या व्यवहारात होता. 16 एप्रिल 1987 रोजी स्वीडिश रेडिओनं लाच दिल्याची बातमी दिली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. जे कमी सांगितलं जातं ते असं, की कंपनीशी व्यवहार तोडल्यावर ती ड्रॉइंगही तशीच पडून राहिली. पैसे मोजून घेतलेली विद्या दोन दशकांहून अधिक काळ कपाटात होती. तिला हात लावणं म्हणजे ‘बोफोर्स’ या शब्दाला हात लावणं, आणि ते कोण करणार?

1999मध्ये कारगिलला याच तोफा टायगर हिलसारख्या शिखरांवर सरळ रोखून डागल्या गेल्या आणि त्यांनी लढाईचा रंग बदलला. तोफ उत्तम होती, हा निकाल रणांगणानं दिला. सुट्या भागांचा तुटवडा मात्र असा होता, की एका तोफेचे भाग काढून दुसरी चालवायची वेळ येत असे.

त्याच वर्षी लष्करानं तोफखान्याच्या नूतनीकरणाची मोठी योजना मांडली. त्यात 1,580 ओढत्या तोफा, 814 ट्रकवर बसवलेल्या, 180 चाकांवरच्या स्वयंचलित, 100 रणगाड्यासारख्या साखळपट्ट्यांवरच्या आणि 145 अतिहलक्या. बेरीज 2,819. कागदावर सगळं नीट होतं. आज या यादीकडे पाहताना एकच गोष्ट लक्षात ठेवावी: सर्वांत मोठा आकडा ओढत्या तोफांचा होता, आणि तो हलायला फार उशीर लागला.

काळ्या यादीचा हिशेब

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. बोफोर्सनंतर संरक्षण मंत्रालय ताकाजवळही जाईना. दलालाचा संशय आला, की कंपनी काळ्या यादीत. 2005मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या डेनेलवर बंदी आली. कारण तोफेच्या व्यवहारातलं नव्हतं. वेगळ्याच एका रायफलच्या खरेदीत दलाली दिल्याचा तो आरोप होता. पण डेनेल तोफेच्या शर्यतीतही होती, त्यामुळे तिथूनही ती बाहेर पडली. सीबीआयला पुढे पुरेसा पुरावा मिळाला नाही, प्रकरण बंद झालं आणि 2018मध्ये बंदी उठली. शर्यत तोवर कुठल्या कुठे गेली होती. 2012मध्ये आणखी सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली. त्यात सिंगापूर टेक्नॉलॉजीज कायनेटिक्स ही तोफ विकू पाहणारी कंपनी होती, आणि इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजही होती.

इथे नियमांची एक गंमत कामाला येते. तीन विक्रेते चाचणीला आले, एक काळ्या यादीत गेला, दुसरा चाचणीत नापास झाला, तर एकच उरतो. एकाच विक्रेत्याकडून घ्यायचं तर स्पर्धा कुठे झाली, असा आक्षेप येतो. आक्षेप आला की निविदा रद्द. मग नव्यानं लष्करी गरजपत्रक, नव्यानं निविदा, चाचण्यांसाठी नव्यानं पोखरणचा उन्हाळा आणि सिक्कीमचा हिवाळा. ओढत्या तोफांच्या निविदा 2002पासून दहा वर्षांत अशा निघत आणि मोडत राहिल्या. प्रत्येक वेळी फाईलवर सही करणारा अधिकारी नियमाला धरूनच वागला होता. सगळ्यांनी नियम पाळले आणि तोफ आली नाही.

बंदीचा फटका किती आतवर गेला, हे पाहायचं तर बिहारमधल्या नालंद्याचं उदाहरण घ्यावं. 155 मिलिमीटरच्या तोफेला गोळा वेगळा भरतात आणि त्यामागे दारूचे डबे, म्हणजे चार्ज, वेगळे भरतात. हे डबे बनवण्यासाठी नालंद्याला सरकारी कारखाना काढायचं 2001मध्ये ठरलं. तंत्रज्ञान डेनेलकडून यायचं होतं. 2005मध्ये डेनेल बाद झाली. मग 2009मध्ये इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजशी करार झाला, तर 2012मध्ये तीही बाद. इमारती उभ्या आणि आत करायला काम नाही, अशी अवस्था झाली. अखेर पुण्यातल्या सुतारवाडीच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेनं या चार्जचं देशी तंत्रज्ञान विकसित केलं. तोफ देशी असावी की परदेशी यावर वर्तमानपत्रं भरभरून लिहितात, पण या डब्यांवर मी क्वचितच लेख पाहिला आहे. डबा नसेल तर तोफ म्हणजे आठ मीटरचा पाइप.

दोन होड्या

2012च्या आसपास दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. एकीकडे लष्कराच्या नव्या निविदेत नेक्स्टर आणि एल्बिट उतरल्या. दुसरीकडे डीआरडीओनं ‘अॅडव्हान्स्ड टोव्ड आर्टिलरी गन सिस्टीम’, म्हणजे अटॅग्स, हा प्रकल्प हाती घेतला. आखणी पाषाणच्या एआरडीईची, म्हणजे आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेची. नगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या वाहन संशोधन प्रयोगशाळेसह इतर प्रयोगशाळा जोडीला होत्या. तोफ तयार करण्यासाठी भारत फोर्ज आणि टाटा अशा दोन खासगी कंपन्या सुरुवातीपासून सोबत घेतल्या. हा निर्णय पुढे सर्वांत मोलाचा ठरला. त्याकडे परत येऊ.

या दोन होड्यांचे नावाडी मात्र अगदी वेगळे नव्हते. एल्बिटची भारत फोर्जबरोबर ‘बीएफ एल्बिट’ नावाची संयुक्त कंपनी होती. नेक्स्टरनं लार्सन अँड टुब्रोशी हातमिळवणी केली होती. म्हणजे इस्रायली तोफवाल्यांशी घरोबा असलेला भारत फोर्जचा पुण्यातल्या मुंढव्याचा कारखाना देशी तोफेतही भागीदार होता. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तो व्यापारी शहाणपणा वाटतो. ज्या ग्राहकानं वीस वर्षांत एकही निविदा तडीस नेलेली नाही, त्याच्या दारात एकच माल घेऊन कोण उभं राहील?

भारत फोर्जची तोफेची तयारीही परदेशातून आलेली आहे, हे इथेच सांगायला हवं. बाबा कल्याणी यांच्या समूहानं 2011च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या रुआग या कंपनीचा तोफा बनवण्याचा कारखाना विकत घेतला, खोलून पुण्याला आणला आणि पुन्हा उभा केला. ऑस्ट्रियातूनही तोफेचं तंत्रज्ञान घेतलं. युरोपात शीतयुद्धानंतर तोफांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, यंत्रं स्वस्तात मिळाली. ‘देशी’ तोफेच्या वंशावळीत असा एक स्विस आजोबा आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट पंचवीस वर्षं सरकारी कपाटात पडलेल्या बोफोर्सच्या ड्रॉइंगशेजारी हा व्यवहार ठेवून पाहावा.

त्या ड्रॉइंगचंही अखेर सोनं झालं. आयात जमेना तेव्हा सरकारी शस्त्रकारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळानं ती बाहेर काढली, नळी 39वरून 45 कॅलिबरची केली, इलेक्ट्रॉनिक्स नवी बसवली आणि जबलपूरला ‘धनुष’ बनवली. 114 तोफांच्या उत्पादनाला मंजुरी मिळाली आणि पहिल्या सहा एप्रिल 2019मध्ये लष्कराच्या ताब्यात गेल्या. मध्येच, जुलै 2017मध्ये, सीबीआयनं गुन्हा नोंदवला: दिल्लीतल्या एका पुरवठादारानं धनुषसाठी ‘मेड इन जर्मनी’ शिक्क्याचे बेअरिंग दिले, ते चिनी होते असा आरोप होता. देशी तोफ, स्वीडिश आखणी, जर्मन शिक्का आणि आरोप खरा असेल तर चिनी पोलाद. ‘स्वदेशी’ या शब्दाची परीक्षा घ्यायला यापेक्षा सोपा पेपर सापडणार नाही.

निविदेत नेमकं काय मागितलं होतं

अथोसच्या व्यवहाराला सर्रास ‘परदेशी तोफांची आयात’ म्हटलं गेलं. निविदेचे आकडे पाहिले तर चित्र निराळं दिसतं. 1,580पैकी 400 तोफा तयार घ्यायच्या होत्या. उरलेल्या 1,180 आयुध निर्माणी मंडळानं तंत्रज्ञान हस्तांतर घेऊन भारतात बनवायच्या होत्या. म्हणजे चारातल्या तीन तोफा भारतातल्या सरकारी कारखान्यात तयार झाल्या असत्या. उलट अटॅग्स बनणार खासगी कारखान्यांत. कुठे बनतं एवढाच निकष लावला, तर दोन्ही बाजू बहुतेक देशीच. फरक दोन ठिकाणी होता: ड्रॉइंग कुणाच्या मालकीची, आणि कामगार कुणाच्या हजेरीपटावर. पहिल्या फरकावर देशभक्तीची भाषणं झाली. दुसऱ्यावर फारसं कुणी बोललं नाही, कारण तो दिल्लीत नाजूक विषय होता. आयुध निर्माण्यांच्या कामगार संघटना पुनर्रचनेला विरोध करत होत्या आणि ऑक्टोबर 2021मध्ये मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या होईपर्यंत ते वारं वाहतच होतं.

ड्रॉइंगच्या मालकीचा मुद्दा भावनेचा नाही, व्यवहाराचा आहे. परवान्यावर बनवलेल्या वस्तूत बदल करायचा तर मूळ मालकाची परवानगी लागते, अनेकदा पैसेही. दुसऱ्या देशाला विकायची तर तोच प्रश्न. अटॅग्सच्या बाबतीत लष्करानं वजन कमी करा, हे बदला, ते बदला असं सांगितलं तर पाषाणला फोन करता येतो. 155 मिलिमीटरच्या तोफांच्या निर्यातीची 15 कोटी 55 लाख डॉलरची ऑर्डर कल्याणी समूहाला नोव्हेंबर 2022मध्ये मिळाली. ग्राहक देशाचं नाव कंपनीनं तेव्हा जाहीर केलं नाही. परवान्यावरच्या तोफांचा असा परस्पर सौदा एवढ्या सहज जमला नसता.

पण पाषाणला फोन लावता येणं म्हणजे उत्तर वेळेवर मिळणं नव्हे. लष्कराची बाजूही तेवढ्याच गांभीर्यानं मांडायला हवी.

लष्कराचं म्हणणं

अटॅग्सचा पहिला प्रत्यक्ष मारा 2016मध्ये झाला. सप्टेंबर 2017मध्ये पोखरणला तिनं 48.074 किलोमीटरवर गोळा टाकला. या प्रकारच्या तोफेसाठी हा विक्रम असल्याचं जाहीर झालं. तिचा दारूचा कक्ष 25 लिटरचा, तर 52 कॅलिबरच्या तोफांचं जगात रूढ असलेलं मानक 23 लिटरचं. लांब पल्ल्याचं एक रहस्य हे. गोळा आपोआप भरणारी यंत्रणा आणि हायड्रॉलिकऐवजी विजेवर चालणाऱ्या हालचाली ही तिची इतर वैशिष्ट्यं. वाचताना छाती फुगते.

गणवेशातला माणूस दुसराच हिशेब करतो. वजन सुमारे 18 टन. ही तोफ तवांगच्या रस्त्यावर कुठल्या पुलावरून जाईल? ओढायला कोणती गाडी? दुरुस्तीसाठी कोणता माणूस किती उंचीवर जाईल? ऑगस्ट 2018मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं 150 अटॅग्स सुमारे 3,365 कोटी रुपयांना घ्यायला तत्त्वतः मंजुरी दिली होती, पण चाचण्या संपलेल्या नव्हत्या. आणि अथोस? ती चाचण्या पार करून, दर सांगून उभी होती. 2020च्या उन्हाळ्यात गलवानमध्ये चीनबरोबर रक्त सांडलं. त्यानंतर लडाखमध्ये हिवाळा काढायची तयारी करणाऱ्या तोफखान्याला ‘आपली तोफ येतेय, जरा थांबा’ हे वाक्य कसं ऐकू आलं असेल, याची कल्पना करावी. किमान तयार 400 तोफा तरी घेऊ द्या, असा लष्कराचा आग्रह त्या काळात बातम्यांमध्ये येत राहिला. तो आग्रह अवाजवी होता असं मला वाटत नाही. डीआरडीओच्या बाजूनं त्याच वर्षअखेरीस उत्तर आलं, की आयातीची गरजच नाही, आपली तोफ जगात सर्वोत्तम आहे.

ऑगस्ट आणि सप्टेंबर

9 ऑगस्ट 2020 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी 101 वस्तूंची यादी जाहीर केली. या वस्तू ठरलेल्या तारखेनंतर आयात करायच्या नाहीत. यादीत 155 मिलिमीटर, 52 कॅलिबरची ओढती तोफ होती आणि तिची मुदत त्याच वर्षाच्या डिसेंबरची. अथोसचं नावही न घेता तिच्यासाठी दार लावून झालं.

12 सप्टेंबर 2020 रोजी पोखरणला चाचणीच्या वेळी अटॅग्सची नळी फुटली. चौघे जखमी झाले.

या दोन तारखांमधलं अंतर पाच आठवडे. परदेशी पर्याय बंद केला आणि देशी पर्याय फुटला. खरेदी खात्यातल्या माणसाला रात्री झोप न येण्याचं कारण यापेक्षा मोठं काय असेल? चाचणीत नळी फुटणं ही जगात कुठेही घडणारी गोष्ट आहे. 2017मध्ये पोखरणलाच एम-777 या अमेरिकी हलक्या तोफेची नळीही फुटली होती, आणि ती तोफ तर अनेक लढाया पाहिलेली होती. पण तयार मालाचा अपघात आणि अजून तयार व्हायच्या मालाचा अपघात, या दोन्हींकडे ग्राहक सारख्या नजरेनं बघत नाही.

आता दोनच वाटा होत्या: यादीतून वस्तू काढून आयातीकडे परतणं, किंवा चाचण्या थांबवून, कारण शोधून, दुरुस्त करून पुन्हा सुरू करणं. दुसरी निवडली गेली. चौकशी झाली, पुन्हा मारा सुरू झाला आणि लष्कराच्या अंतिम चाचण्या एप्रिल-मे 2022मध्ये पोखरणला पूर्ण झाल्या. त्या वर्षी 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावर तोफांच्या सलामीत जुन्या ब्रिटिश तोफांच्या जोडीला अटॅग्स होती. मधली दोन वर्षं लष्करानं धनुष, एम-777 आणि कोरियन आखणीच्या ‘वज्र’ या तोफांवर काढली. वज्रचा प्रसंग इथे मोलाचा आहे. 2017मध्ये लार्सन अँड टुब्रोला 100 तोफांचा करार मिळाला, दक्षिण कोरियाच्या के-9 तोफेवर भारतीय बदल करून तिनं हजिऱ्याला त्या बनवल्या, वेळेत दिल्या. मुळात वाळवंटासाठी घेतलेल्या या तोफा लडाखलाही नेल्या. डिसेंबर 2024मध्ये आणखी 100 तोफांचा 7,629 कोटींचा करार झाला. परदेशी आखणी, भारतीय खासगी कारखाना, आणि कुठेही ओरड नाही. ओढत्या तोफेच्या बाबतीतही हा मार्ग घेता आला असता का, हा प्रश्न मला आजही सतावतो.

भाव कसा ठरला

संरक्षण खरेदीत आता पसंतीचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत वर भारतात आखलेली, विकसित केलेली आणि बनवलेली वस्तू, किमान निम्मा माल देशी. सर्वांत खाली सरळ जागतिक खरेदी. अटॅग्स वरच्या पायरीत बसली. देशी वस्तू एकाच कंपनीकडून घ्यायची तर भावावर लगाम कसा, हा जुना रोग. सरकारी खरेदीत ‘आपलंच आहे’ म्हणून महाग घ्यायची सवय आपल्याला नवी नाही.

इथे 2012च्या त्या निर्णयाचं फळ मिळालं. एकच आखणी, पण बनवणारे दोन. दोघांनी स्वतंत्र दर भरले. भारत फोर्जचा दर कमी निघाला, टाटा दुसरी. नियम असा होता, की पहिल्याला 60 टक्के आणि दुसऱ्यानं पहिल्याच्याच भावाला हो म्हटलं तर त्याला 40 टक्के. टाटानं हो म्हटलं. भारत फोर्जला 184 तोफा, टाटाला 123. ओढणाऱ्या 327 गाड्या धरून एकूण सुमारे 6,900 कोटी. घटकांपैकी 65 टक्क्यांहून अधिक देशी, त्यात नळी, ब्रीच म्हणजे नळीचं मागचं झाकण, मागे उसळणारा धक्का शोषणारी यंत्रणा आणि गोळे हाताळणारी यंत्रणाही.

आकडे थोडे ताणून पाहू. 2018च्या मंजुरीत दर तोफेमागे साधारण 22 कोटी 43 लाख पडत होते. मार्च 2023मध्ये 307 तोफांना मंजुरी मिळाली तेव्हाचा अंदाज साडेआठ हजार कोटींचा होता, म्हणजे दर तोफेमागे जवळपास 28 कोटी. करारात तो साडेबावीसवर आला. सात वर्षांची महागाई गिळून 2018च्याच भावाला तोफ पडली. प्रत्येक मंजुरीत गाड्या आणि सुटे भाग किती धरले यावर ही तुलना थोडी पुढेमागे होईल, पण दिशा स्पष्ट आहे. दोन देशी कंपन्यांच्या चुरशीनं जे साधलं, ते एका देशी आणि एका परदेशी कंपनीच्या तुलनेतून साधलं नसतं, कारण ती तुलना नेहमी भावापेक्षा झेंड्याची होते. शिवाय एका कारखान्यात संप झाला, आग लागली, तर दुसरी उत्पादनरेषा चालू राहते. काळ्या यादीनं एकेक विक्रेता गळून निविदा मेल्या त्या वीस वर्षांनंतर हा धडा कुणीतरी घेतला असावा.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. गरज 1,580ची होती. ऑर्डर 307ची आहे. 1,273 तोफांचं काय, याचं उत्तर या करारात नाही. अथोसच्या 1,180 तोफा परवान्यावर बनत राहिल्या असत्या, तर आज त्यांतल्या किती हाती असत्या, हे आयुध निर्माण्यांचा त्या काळातला वेग पाहता सांगणं कठीण. धनुषच्या 114 तोफा पुरवायलाही ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. तरीही एवढं खरं, की 2020च्या हिवाळ्यात लडाखमधल्या तोफखान्याला 48 किलोमीटरचा विक्रम उपयोगी नव्हता. तोफ हवी होती.

लष्कर आता पुढच्या खेपेच्या मागे आहे. 30 नोव्हेंबर 2023 रोजी संरक्षण खरेदी परिषदेनं जुन्या 105 मिलिमीटरच्या इंडियन फील्ड गनच्या जागी नव्या ओढत्या तोफा घ्यायला मंजुरी दिली. पुन्हा 155 मिलिमीटर, आखणी आणि बांधणी भारतातलीच, आणि लष्कराची अट अशी, की तोफ अटॅग्सपेक्षा हलकी हवी. 18 टनांची तक्रार अशा रीतीनं नव्या निविदेत शिरली आहे. बातम्यांमध्ये आलेला या खेपेचा आकडा 400 आहे. अथोसच्या व्यवहारात तयार घ्यायच्या होत्या, त्याही इतक्याच.